एका गाण्याला एकच घर

ज्या दिवशी गाणं गेल्याचं कळलं, त्या दिवशी दौलत आग्रे मागच्या दारी पेजेचं पातेलं घासत बसला होता. बायकोला, सुगंधाला, जाऊन तीन महिने झाले होते. पातेल्याच्या बुडाला लागलेली पेज कशी काढायची हे त्याला अजून जमत नव्हतं. ती आधी पाणी घालून ठेवायची की नुसती राख लावायची, हे त्यानं इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

नितेश पुढच्या दारानं आला तो चपला न काढता घरातून सरळ मागच्या दारी पोचला. त्याच्या हातात फोन होता. तो बसला नाही.

"बाबा, 'दम धर पाण्या' मॉरिशसला गेलं."

दौलतला आधी वाटलं, कुणी माणूस गेल्याची बातमी आहे. मग नितेशनं वाचून दाखवलं. गीतनोंद कार्यालयाची सूचना होती. गीत: दम धर पाण्या. भाषा: मराठी. देश: मॉरिशस. कर्ता: अज्ञात. हरकत असेल तर ती एकवीस दिवसांत रत्नागिरीच्या कार्यालयात नोंदवून सिद्ध करावी, नाहीतर ही नोंद कायम होईल.

गीतनोंदीचा कायदा येऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या आधी यंत्रांनी धुमाकूळ घातला होता. कुठलंही गाणं घ्यायचं, त्याचे शंभर तुकडे करायचे आणि त्यातून हजार नवी गाणी काढायची. पोवाडा साबणाच्या जाहिरातीत आणि अंगाई निवडणुकीच्या प्रचारात, असा प्रकार चालला होता. मग बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं, की प्रत्येक गाण्याला एक घर असेल. ज्या देशाचं गाणं, त्या देशाच्या परवानगीशिवाय ते यंत्राला देता येणार नाही आणि दुसऱ्या देशात मंचावर किंवा चारचौघांत गाताही येणार नाही. घर ठरवायचे नियम दोनच होते. कर्ता कोण ते सिद्ध झालं, तर कर्त्याचा देश. नाही झालं, तर गाणं ज्यांच्यात जगलं, त्यांचा देश.

नितेश बोलत राहिला. गणपतीला दोन महिने उरलेत आणि आपल्याच मंडळानं आपलंच गाणं म्हणायला मॉरिशसकडे अर्ज करायचा का, असं त्याचं म्हणणं होतं. पण त्याला खरं लागलं होतं ते 'कर्ता: अज्ञात'. तो चाळीस वर्षांचा झाला तरी गुहागरपासून दापोलीपर्यंत त्याची ओळख एकच होती, दौलत शाहिरांचा मुलगा. खडपवाडीचं नाच मंडळ आता तोच चालवत होता. कुठल्याही मंचावर दोन शाहिरांच्या सामन्याची बारी संपत आली, की लोकांतून आवाज यायचा, 'दम धर' होऊ द्या.

"तुम्ही फक्त यायचं आणि सांगायचं, हे गाणं माझं," नितेश म्हणाला. "शेवटच्या कडव्यात तुमचं नाव आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"बघू," दौलत म्हणाला आणि पातेल्यात पुन्हा पाणी ओतलं.

गाणं त्यानं रचलं नव्हतं.

नितेश तीन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. सुगंधा ओहोटीला खडपावर, किनाऱ्याच्या उघड्या पडलेल्या खडकांवर, कालवं फोडायला जायची. लोखंडी टोचा घेऊन एक ठोका, दुसरा ठोका, मग शिंपलं उचकटायचं आणि आतलं मांस बोटानं काढून वाडग्यात टाकायचं. एवढं होईपर्यंत ठोके थांबायचे आणि तोंडही. मग पुन्हा पुढचं शिंपलं. त्या चालीवर ती गुणगुणायची:

दम धर पाण्या, दम धर जरा,
टोपली माझी भरू दे.
मागनं बुडव वाट सगळी,
आधी मला घरी फिरू दे.

अशी पाच कडवी होती. कुठून आणलं म्हणून दौलतनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आणायचं काय त्यात, पाणी चढताना दिसतं तसं म्हणते.

त्या वर्षी शक्ती-तुऱ्याच्या बारीत समोरचा शाहीर भारी होता. दौलतकडची सगळी गाणी संपली आणि समोरून चिडवणं सुरू झालं. तेव्हा त्यानं 'दम धर' काढलं. ढोलकी पळत होती, म्हणून मधली थांबायची जागा काढून टाकली आणि ओळी जोडून घेतल्या. शेवटी रीतीप्रमाणे शाहिराचं नाव गुंफायला हवं, ते तिथल्या तिथं गुंफलं: 'दौलत म्हणे, गणपतीपायी जीव हा माझा ठरू दे.' ज्याचं नाव शेवटच्या कडव्यात, त्याचं गाणं, हे सगळ्या कोकणाला ठाऊक. बाईचं नाव तिथं घालायची रीत नव्हती, आणि ते सुचलंही नाही.

बारी जिंकली. घरी आल्यावर सुगंधा एवढंच बोलली, "टाळ्या तुम्ही घेतल्यात ना? मग उद्या कालवं तुम्हीच फोडा."

तो हसला, तीही हसली. दुसऱ्या दिवशी कालवं तिनंच फोडली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. सांगू कधीतरी लोकांना, असं त्याच्या मनात दर गणपतीला यायचं. अशी सदतीस वर्षं गेली.

रत्नागिरीच्या कार्यालयात नोंदणी अधिकारी होत्या फरीदा मुकादम. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी हरकतीचा अर्ज घेतला. नितेशनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, हे यंत्र कोण आमचं गाणं दुसऱ्याला देणारं? तेव्हा त्या चिडल्या नाहीत. त्यांनी दोघांना बसवलं आणि समजावून सांगितलं.

यंत्राचं नाव वंशवेल. गाणं चांगलं की वाईट, हे ते बघत नाही. फक्त त्यातले बदल मोजतं.

"समजा, एक वही दहा जणांनी हातानं उतरून घेतली," फरीदाबाई म्हणाल्या. "एकाच्या हातून तिसऱ्या पानावर चूक झाली. पुढं त्याच्या वहीवरून ज्यांनी उतरवलं, त्या सगळ्यांकडे ती चूक आली. म्हणजे नुसत्या चुका बघून सांगता येतं, कोणती वही कोणत्या वहीची मुलगी. गाण्याचं तेच आहे. गाणारा कुठंतरी एखादा शब्द फिरवतो, कुठं श्वास घेतो, कुठं सूर ओढतो. ऐकणारा ते सगळं उचलतो. वंशवेलीनं तुमच्या गाण्याच्या चार हजार ध्वनिफिती ऐकल्या आणि त्यांची वंशावळ काढली."

पडद्यावर झाड उमटलं. बुंध्याजवळून दोन फांद्या फुटल्या होत्या. एक बारीक, खडपवाडीची. दुसरी जाडजूड, तिला शेकडो डहाळ्या, सगळी मॉरिशसची. तिथली मराठी माणसं दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी उसाच्या कामाला बोटीनं नेलेली. त्यांच्या मंडळांत, शाळांत, लग्नांत हे गाणं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं आणि वाढलं होतं. आपल्याकडे ते एका मंडळापुरतंच राहिलं होतं.

"आता ही गंमत बघा," त्या म्हणाल्या. मॉरिशसच्या प्रत्येक ध्वनिफितीत ओळ संपली की एक थांबा होता. जवळजवळ तीन सेकंदांचा. गाणारी बाई असो, पुरुष असो, शाळेतलं पोर असो, थांबा तेवढाच. खडपवाडीच्या गाण्यात तो नव्हता. "यंत्र म्हणतं, थांबा जुना आहे. तुमच्याकडे तो गळाला. आणि शेवटचं नावाचं कडवं नंतर जोडलेलं आहे. हा थांबा कशाचा असेल, शाहीर?"

दौलतच्या डोळ्यांसमोर बोट आलं, शिंपल्यातलं मांस काढणारं. तो म्हणाला, "काय माहीत."

नितेशनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ढोलकीवर बसवताना चाली बदलतातच, असं तो बाईंना सांगत होता.

आठ दिवसांनी दोन्ही बाजूंची समोरासमोर बैठक लागली. पडद्यावर मॉरिशसहून देवकी सखाराम होती. काळी नदी जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायची. पणजोबांचं नाव सखाराम, तेच तिथल्या कारकुनानं आडनाव करून टाकलेलं. मराठी बोलताना ती शब्द सावकाश मांडायची, पाटावर ताटं मांडावीत तसे.

"आम्ही गाणं चोरलं नाही, काका," तिनं सुरुवातच तशी केली.

नितेश म्हणाला, चोरलं असं कुणी म्हणत नाही, पण आमच्या वडिलांचं गाणं तुम्ही अज्ञात म्हणून लिहिलंत. देवकीनं मान हलवली. मग तिनं सांगितलं, की त्यांच्याकडे गणपती समुद्रात नेतात तेव्हा बाया कंबरभर पाण्यात उभ्या राहून हे गाणं म्हणतात. 'आधी मला घरी फिरू दे' या ओळीला म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं. बोटीतून आलेले त्यांचे पूर्वज घरी कधी फिरलेच नाहीत. पोरगं शिकायला परदेशी निघालं, की विमानतळावर आई हेच म्हणते. कालवांचं गाणं आहे हे तिथं कुणाला माहीतही नव्हतं. टोपली म्हणजे उसाच्या शेतातली टोपली, असंच ते समजत होते.

"आमच्याकडे हे राष्ट्रगीताच्या खालोखाल आहे," देवकी म्हणाली. "तुमच्याकडे बारीत म्हणतात. मग ते कुणाचं?"

"ज्यानं रचलं त्याचं," नितेश म्हणाला.

"बरं. मग रचलं कोणी ते मला पण हवंय." तिनं एक जुनी वही पडद्यासमोर धरली. तिची आई दोन हजार पंधरा साली पूर्वजांची गावं शोधायला आलेल्या लोकांबरोबर कोकणात आली होती. पुरुष देवळात सत्कार घेत बसले आणि बायका खाडीवर गेल्या. तिथं खडपावर बसलेल्या एका बाईनं त्यांना हे गाणं शिकवलं. आईनं पानाच्या वर लिहून ठेवलं होतं. देवकीनं ते वाचलं: "शिकवणारी, नितेशची आई."

देवकीनं वही खाली ठेवली.

"नाव विचारायचं राहिलं," देवकी सांगत होती. "आई म्हणायची, सगळ्या तिला नितेशची आई, नितेशची आई म्हणत होत्या, म्हणून मीही तेच लिहिलं. शेवटपर्यंत तिला हळहळ होती. हा नितेश कोण, तुमच्या वाडीत कुणाला ठाऊक असेल का?"

दौलतनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. नितेश अंगठ्यानं टेबलाची कड घासत होता.

"मी नितेश," तो म्हणाला.

कार्यालयाच्या आवारात फणसाखाली गाडी उभी होती. नितेश गाडीत बसला नाही. त्यानं एकच विचारलं, "आईनं केलं?"

दौलत म्हणाला, हो. शेवटचं कडवं सोडून सगळं.

नितेश बोलायला लागला तो थांबेना. लहानपणी आई स्वयंपाकघरात हे म्हणताना मधेच थांबायची, आणि तो तिला चिडवायचा, की आई, तुला बाबांचं गाणं धड येत नाही. ती म्हणायची, नाय येत रे बाबा. हे त्यानं दोनदा सांगितलं.

उद्याच जाऊन खरं सांगतो, एवढं दौलत म्हणाला.

"आणि काय होईल?" नितेशनं विचारलं. "आईच्या हातचा एक कागद नाही. साक्षीदार नाही. तुम्ही म्हणालात मी कर्ता नाही, की कर्ता अज्ञातच राहणार आणि गाणं मॉरिशसचं होणार. आईचं नाव लागणार नाही ते नाहीच. तुम्ही म्हणालात मी कर्ता, तर निदान गाणं घरात राहील. तुमच्या नावानं का होईना, घरात राहील."

दौलतला यात चूक सापडेना. म्हणूनच त्याला जास्त भीती वाटली.

पुढचे दिवस वाडीतली माणसं येऊन जाऊन होती. खरं काय ते त्यांना माहीत नव्हतं. मंडळाचे जुने मृदंगवाले विठू गोरिवले येऊन म्हणाले, शाहीर, आपलं गाणं परक्या देशाला द्यायचं म्हणजे ग्रामदेवतेची पालखी उसनी दिल्यासारखं. सरपंचबाईंनी सुनावणीला जीप भरून माणसं न्यायचं ठरवलं. दौलत सगळ्यांना चहा करून द्यायचा. चहात साखर कधी पडायची, कधी नाही. लोक काही न बोलता प्यायचे.

एका दुपारी ओहोटी बघून तो खडपावर गेला. सुगंधाचा टोचा घेऊन एक शिंपलं फोडायला बसला. चार ठोके मारले तरी उघडेना, पाचव्याला टोचा निसटून अंगठा फुटला. त्यानं रक्त खाऱ्या पाण्यात धुतलं आणि ओळ म्हणून बघितली. थांबायच्या जागी तो थांबू शकेना. सदतीस वर्षं ढोलकीवर म्हटलेलं तोंड पुढं पळत होतं.

सुनावणीच्या दिवशी खोली भरली होती. वाडीची पंधरा माणसं मागच्या बाकांवर होती आणि नितेश पहिल्या बाकावर. पडद्यावर देवकी होती. तिच्या मागे सात-आठ बायका आणि दोन म्हातारे बसले होते.

फरीदाबाईंनी प्रश्न वाचला. हे गीत आपण रचलं आहे काय? उत्तर होय किंवा नाही असं द्यावं.

दौलत उठून उभा राहिला. मागच्या बाकावर विठू गोरिवले त्याच्याकडे बघून हसले. धीर द्यायला.

"नाही," दौलत म्हणाला. "शेवटचं कडवं माझं आहे. बाकीचं माझ्या बायकोनं केलं. सुगंधा दौलत आग्रे, माहेरची शेवंती पाष्टे. मी ते तिला न विचारता घेतलं आणि माझं नाव घातलं."

मागं कुजबुज झाली आणि लगेच थांबली. विठू गोरिवले अजून हसतच होते, हसू काढून घ्यायचं राहिलं होतं.

फरीदाबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. दौलत म्हणाला, पुरावा नाही, मी सांगतोय तेवढंच. त्या म्हणाल्या, तेवढं पुरत नाही. तुमचा दावा तुम्ही मागे घेतलात. बाईंचा दावा सिद्ध होत नाही. म्हणजे दुसरा नियम लागतो. त्यांनी पेन उचललं.

"माझ्याकडे आहे," पडद्यावरून देवकी म्हणाली.

तिच्या मागच्या एका म्हाताऱ्यानं तिला काहीतरी विचारलं, त्यांच्या क्रेओल भाषेत. देवकीनं मागं न वळता उत्तर दिलं. त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं. एक बाई उठून निघून गेली. दौलतला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला.

"आईच्या जुन्या फोनमध्ये त्या दिवशीचा आवाज आहे," देवकी म्हणाली. "नितेशच्या आईचा. काल आमची सभा झाली. निम्मे म्हणाले, ऐकवू नको. ऐकवलंस तर गाणं भारताचं होईल आणि पुढच्या गणपतीला आपल्याला पाण्यात उभं राहायला परवानगी मागावी लागेल. मला ते पटतं. तरी ऐकवते. माझ्या आईनं नाव विचारलं नाही. काका आज सगळ्यांसमोर नाव सांगून उभे राहिले, आणि मी फोन कपाटात ठेवू काय?"

इथं ऐकवलेलं सगळं नोंदीत जातं, परत घेता येत नाही, असं फरीदाबाईंनी तिला बजावलं. देवकी म्हणाली, ठाऊक आहे.

आधी वारा ऐकू आला. मग बायकांचं हसणं. मग लोखंडाचा ठोका, दुसरा ठोका, आणि सुगंधाचा आवाज.

दौलतकडे तिचे फोनवरचे निरोप होते. येताना मीठ आणा, पाण्याची मोटार बंद करा, असे. गाताना एकही नव्हता. तो उभाच होता, त्यानं बाकाची पाठ धरली. ओळ संपली, आवाज थांबला आणि त्या थांबलेल्या वेळात वाडग्यात काहीतरी टपकन पडल्याचं ऐकू आलं. मग पुढची ओळ. पाच कडवी झाली. शेवटी कुणीतरी विचारलं, ताई, हे कुणी केलं? सुगंधा हसून म्हणाली, "माझंच हाय. पण आमच्या घरात सांगू नका, तिकडं ते दुसऱ्याचं हाय."

पहिल्या बाकावर नितेश मान खाली घालून बसला होता.

वंशवेलीला पाच मिनिटं लागली. झाडाच्या बुंध्याशी जिथं आतापर्यंत मोकळी जागा होती, तिथं हा आवाज जाऊन बसला. फरीदाबाईंनी आकडे वाचले. मूळ आवाजाला सगळ्यांत जवळ मॉरिशसची फांदी. सगळ्यांत लांब खडपवाडीची. त्यांनी ते कुठलाही सूर न लावता वाचलं.

दौलतनं विचारलं, कर्ती म्हणून सुगंधाचं नाव लावा आणि देश मॉरिशस ठेवा, असं होतं का? तिनं केलं, मी उचललं, यांनी सांभाळलं. मग घर यांचंच नाही का?

"एका गाण्याला एकच घर," फरीदाबाई म्हणाल्या. "कर्ती ठरली की तिचा देश. दोन्ही रकाने एकत्र बांधलेले आहेत, शाहीर. मी ते सोडवू शकत नाही."

मग तो पडद्याकडे वळला. कर्ता ठरला की देशाच्या वतीनं परवानगी त्याच्या वारसांनी द्यायची असते, म्हणजे मी आणि नितेश. तुम्हाला कधी नाही म्हणणार नाही, असं त्यानं देवकीला सांगितलं.

"आज तुम्ही आहात, काका," देवकी म्हणाली. "उद्या कोण असेल?"



एक गोष्ट राहिली होती. आवाज कुणाचा हे यंत्राला विचारायचं नाही, असं कायदाच सांगत होता, कारण कुणाचाही आवाज यंत्राला बनवता येतो. आवाज जवळच्या नात्यातल्या माणसानंच ओळखायचा आणि सही करायची. नवऱ्यानं अर्ज केलेला, त्यामुळं त्याची सही चालणार नव्हती. सुगंधाची भावंडं उरली नव्हती. मुलाची सही लागणार होती. एकवीस दिवस संपण्याआधी ती झाली नाही, तर जुनीच नोंद कायम होणार होती.

फरीदाबाईंनी कागद नितेशपुढं सरकवला. हा आवाज माझ्या आईचा आहे, एवढीच ओळ होती. तिच्या खाली लहान अक्षरांत, यावरून दौलत आग्रे यांचा पूर्वीचा कर्तेपणाचा दावा खोटा ठरतो आणि तसं जाहीर केलं जाईल.

नितेशनं कागद वाचला, पुन्हा वाचला. तो उठला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर गेला.

दौलत त्याच्या मागोमाग आवारात आला. नितेश गाडीत बसून होता, काचा वर करून. दौलतनं काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"कर सही," दौलत म्हणाला. "माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"तुमचं सोडा," नितेश म्हणाला. "तिनं स्वतःच सांगितलं, घरात सांगू नका म्हणून. मी काय करू? तिचं ऐकू की तुमचं?" मग थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत, "आणि त्या बायकांचं काय? त्यांनी तिचं गाणं आमच्यापेक्षा नीट म्हटलं."

त्यानं गाडी सुरू केली. दौलत सरपंचबाईंच्या जीपमधून परत आला. वाटेत कुणी त्याला टाकून बोललं नाही. कुणी बोललंच नाही. विठू गोरिवलेंनी उतरताना हात दिला, पण शाहीर म्हटलं नाही, दौलत म्हटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी नितेशनं मंडळाची तालीम बंद केली. सूनबाई डबा घेऊन येते, ख्यालीखुशाली विचारते, नितेशबद्दल काही सांगत नाही. देवकीचा एक निरोप आला. तिथं तिच्याशी बरेच जण बोलत नाहीत, पण शाळेतल्या पोरांनी सुगंधाचं नाव पाठ केलंय, असं तिनं लिहिलं होतं. दौलत रोज ओहोटीला खडपावर जातो. आता दोन ठोक्यांत शिंपलं उघडायला लागलं आहे.

सोमवारी एकवीस दिवस पुरे होतात. नितेशची सही अजून झालेली नाही.